पऱ्हाटीच्या वावरातील पांडुरोग

मार्गशीर्ष महिना सुरू झाला की पांढरकवड्याच्या बाजारपेठेत रुई उडू लागते. जिनिंगच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांमधून पडलेला कापूस रस्त्याकडेच्या बोरी-बाभळींना लटकलेला दिसतो. याच दिवसांत माझ्या चिकित्सालयातील गर्दी वाढते. आजार वाढतात म्हणून नव्हे, तर वर्षभर अंगावर काढलेली दुखणी दाखविण्यासाठी आता कोठे हातात पैसा आलेला असतो म्हणून. केळापूर तालुक्यात गेली वीस-बावीस वर्षे व्यवसाय करताना हा क्रम मला इतका अंगवळणी पडला आहे की रुग्णाच्या तक्रारीआधीच महिना सांगून टाकावा.

अशाच एका दिवशी एक बत्तीस वर्षांची शेतकरी स्त्री तपासणीस आली. दौर्बल्य, हृद्द्रव, पायांच्या पोटऱ्यांत गोळे येणे, दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी आणि भुकेचा अभाव. नखे व नेत्रवर्त्म पांढुरके. निदानास फार श्रम पडले नाहीत. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ निघाले. दिवसभर वाकून कापूस वेचणारी ही बाई एवढ्या रक्तावर उभी कशी राहते, हाच प्रश्न होता. आहाराची विचारणा केली. सकाळी काळा चहा, दुपारी भात व बटाट्याचा रस्सा, रात्री पुन्हा भात किंवा पोळी, तोंडी लावायला तिखट. स्वतःची पाच एकर जमीन असलेल्या घरचा हा आहार. मी सहज विचारले, "ज्वारी पेरत नाही का?"

"आता कोन पेरते जी ज्वारी? पाखरं खातेत, डुकरं लोळतेत. राशनचे तांदूळ भेटतेत ना," ती म्हणाली. सोबत आलेल्या सासऱ्यांनी मात्र मान खाली घातली.

त्या वृद्ध गृहस्थांशी नंतर बराच वेळ बोलणे झाले. त्यांच्या उमेदीच्या काळात याच पाच एकरांत दोन एकर ज्वारी असे. कपाशी होतीच, कारण लग्नकार्य, कापडचोपड आणि सावकार हे सर्व कपाशीवरच चालत असे. परंतु कपाशीच्या आठ-दहा तासांमागे तुरीचे एक-दोन तास हमखास असत. त्यातच मूग, उडीद, बरबटी टाकलेली असे, धुऱ्याच्या कडेने अंबाडी, कोठे मूठभर तीळ. भारी जमिनीच्या तुकड्यात रब्बीला जवस व हरभरा. ज्वारीचा कडबा असल्याने दारी दोन गाई आणि त्यामुळे घरात ताक. हे सांगताना त्यांनी त्या काळाचे फार गोडवे गायले नाहीत, हेही नमूद करतो. दुष्काळात आम्ही उपाशीही राहिलो, असे ते म्हणाले. पण पोटभर जेवून माणूस असा पांढरा पडतो, हे आम्ही पाहिले नव्हते, ही त्यांची पुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटली.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र वेगळे आहे. काही महिन्यांपूर्वी औषधनिर्मितीच्या व्यवसायातील एका स्नेह्यांचे पत्र आले. या भागातील शंभर-दीडशे शेतकरी एकत्र करून अश्वगंधा व शतावरीची लागवड करवून घ्यावी, कपाशीने गांजलेल्यांचे कल्याण होईल आणि आपल्याला कच्चा माल मिळेल, त्यासाठी मी वैद्य या नात्याने शब्द टाकावा, असा त्याचा आशय होता. हेतू चांगला आहे. तथापि उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार करणे अगत्याचे वाटले, आणि तो आपल्या सर्वांसमोर मांडावा असे ठरविले.

नगदी पीक आणि ताट

वऱ्हाडात कापूस काही काल-परवा आला नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे भाव चढले. त्यानंतर येथे लोहमार्ग आले ते माणसांपेक्षा गाठी वाहण्यासाठी, यवतमाळ-मूर्तिजापूर ही 'शकुंतला'ही त्याच कामाची. तेव्हापासून हा जिल्हा जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. परंतु त्या शंभर-सव्वाशे वर्षांत ज्वारी कपाशीच्या शेजारी टिकून राहिली, ही बाब दुर्लक्षिली जाते. पैशासाठी कापूस आणि पोटासाठी ज्वारी, अशी ती जोडी होती. एक पीक बुडाले तर दुसरे हात देई. हे जोडपण तुटले ते गेल्या तीन-चार दशकांत. खरिपात सोयाबीन आले. संकरित ज्वारीचे कणीस पावसात काळे पडू लागले आणि बाजारात तिला कोणी विचारीना. टिपेश्वरच्या आजूबाजूच्या गावांत रानडुकरे व रोही यांचा उपद्रव वाढला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला केंद्र सरकारची परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशी व साध्या संकरित वाणांचे बियाणे कृषी केंद्रांतून दिसेनासे झाले.

यात शेतकऱ्याला मूर्ख ठरविण्याचे कारण नाही. कागदावर हिशेब केला तर कपाशी जिंकते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, तर संकरित ज्वारीचा ३,६९९. कोरडवाहू एकरात बरे साल असेल तर कापूसही बरा होतो. परंतु हा हिशेब बियाणे, खत, फवारणी आणि वेचाई वजा केल्यावरचा नसतो, व सगळ्या सालांचाही नसतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा झाडे डोक्याएवढी आणि कापूस ओंजळभर, अशी अनेक वावरे मी स्वतः पाहिली आहेत. उलटपक्षी २०२२ च्या आरंभी भाव दहा हजारांवर गेले. त्या एका भावाच्या आठवणीवर पुढील कित्येक हंगामांची पेरणी झाली आणि घरात साठवलेला कापूस नंतर पडत्या भावाने निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी उठविले, त्याची चर्चा माझ्या बाकावर बसलेले रुग्ण नाडीपरीक्षेच्या वेळीही करीत होते. ज्याचे ताट न्यूयॉर्कच्या वायद्यावर अवलंबून आहे त्याचा अग्नी सम कसा राहावा, असा विनोद एका शेतकरी रुग्णाने केला. तो विनोद मला अद्याप पचलेला नाही.

वैद्याच्या दृष्टीने खरी अडचण उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा त्याच्या कालात आहे. कापसाचा पैसा वर्षातून एकदा, दोन-तीन महिन्यांत येतो. त्यातून प्रथम कृषी केंद्राची उधारी, मग पीककर्ज, मग सावकार, मग लग्न किंवा घराचे छप्पर. भूक मात्र रोजची आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत, म्हणजे डवरणी-निंदणीचे सर्वांत कष्टाचे काम ज्या महिन्यांत असते, त्याच महिन्यांत घरात ना धान्य, ना पैसा. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो हे आपण जाणतोच. त्यात आहार सर्वांत निकृष्ट आणि श्रम सर्वांत अधिक. माझ्या चिकित्सालयातील उधारीची वही चाळली तर आषाढ-श्रावणातील पाने गच्च आणि पौषातील जवळजवळ कोरी दिसतात. गावोगावच्या औषधी दुकानदारांच्या वह्याही याहून निराळ्या नसतील.

ज्वारी गेली म्हणून काय बिघडले, असा प्रश्न काही शिकलेले शेतकरी विचारतात आणि तो प्रामाणिकपणे घ्यावयास हवा. लोहाच्या बाबतीत ज्वारी व कणीक यांत फारसा फरक नाही. शंभर ग्रॅममध्ये दोहोंत चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आढळते. सडलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमहूनही कमी असते, म्हणजे भातावर राहिलेल्या घरांचे नुकसान स्पष्टच आहे. पण पोळीवर राहिलेल्या घरीही पांडुरोग आहे. माझ्या मते याचे कारण धान्यात कमी आणि धान्याच्या संगतीत अधिक आहे. भाकरीसोबत अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, बरबटीचे दाणे किंवा तुरीचे वरण येत असे. भात आला, त्याच्यासोबत बटाटा आला. चरकाचार्यांनी आहाराची जी आठ विधिविशेषायतने सांगितली आहेत त्यांत संयोग, राशी, देश आणि काल यांना प्रकृतीइतकेच स्थान आहे. आपण महाविद्यालयात ती पाठ केली, परीक्षेत लिहिली. शेताच्या बांधावर उभे राहून ती पुन्हा वाचावयास हवीत. एक वावर एकपिकी झाले की ताटातील संयोगच नाहीसा होतो.

महाराष्ट्रातील स्थिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नोंदली आहे. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी. उंची खुंटलेली बालके ३५.२ टक्के. ज्या राज्यात मुंबई-पुणे आहेत त्या राज्याची ही सरासरी आहे. कोलाम पोडांवरून येणारी बालके पाहिली म्हणजे सरासरी या शब्दावरचा विश्वास उडतो.

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात केनिया, गॅम्बिया, ग्वाटेमाला, फिलिपाइन्स आदी देशांत नगदी पिकांकडे वळलेल्या लहान शेतकऱ्यांचा अभ्यास केला. जोआकिम फॉन ब्राउन व आयलीन केनेडी यांनी १९९४ मध्ये तो एकत्रित ग्रंथरूपाने मांडला. त्यातील निष्कर्ष एकसुरी नाहीत. नगदी पिकाने बहुतेक ठिकाणी उत्पन्न वाढले. पण त्या प्रमाणात बालकांचे पोषण सुधारले नाही. केनियात ऊस लावणाऱ्या घरांत पैसा आला तरी मुले आजारी पडण्याचे थांबले नाही, कारण पाणी व स्वच्छता तशीच राहिली. गॅम्बियात भात हे परंपरेने स्त्रियांचे पीक होते. पाटबंधाऱ्याची योजना येऊन ते फायद्याचे झाले आणि त्याचा ताबा हळूहळू पुरुषांकडे गेला. ग्वाटेमालातील निर्यातक्षम भाजीपाल्याच्या सहकारी संस्थेने मात्र सभासदांसाठी आरोग्यसेवेवर खर्च केला व तेथील चित्र तुलनेने बरे दिसले. म्हणजे नगदी पीक हे स्वतः विष नाही. ते कोणाच्या हातात, किती जमिनीवर आणि कोणत्या अटींवर, यावर त्याचे गुणकर्म ठरते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर मात्रा आणि योजना चुकली की अमृतही मारक होते.

डवरणीतून ओटीत येणारी भाजी

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे, कारण ती वैद्यांच्या थेट कक्षेतील आहे आणि कृषितज्ज्ञांच्या अहवालांत क्वचितच आढळते.

निंदणीस गेलेली बाई सायंकाळी परतताना ओटीत काहीतरी घेऊन येत असे. पहिल्या पावसानंतर कोवळा तरोटा, मग चिवळ, कुंजर, काटेमाठ, केना, पुढे घोळ. ही भाजी कोणी पेरीत नव्हते, विकत घेत नव्हते आणि म्हणून ती कोणत्याही उत्पन्नाच्या तक्त्यात नव्हती. आषाढ-श्रावणातील त्या रिकाम्या महिन्यांत घराला जे काही हिरवे मिळे ते हेच. चक्रमर्द, लोणिका, तण्डुलीय या नावांनी आपण त्यांना ओळखतो व शाकवर्गात त्यांचे गुण वाचतो. शेतकऱ्याच्या भाषेत ते तण.

आता मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक आले. तणनाशकाला दाद न देणारे कपाशीचे बियाणे सरकारी मान्यता नसतानाही चोरवाटेने या भागात पोहोचले आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. एका फवाऱ्यात वावर स्वच्छ. निंदणाऱ्या बायांची मजुरी गेली आणि ओटीतील भाजीही गेली. एकाच बाटलीने दोन्ही गोष्टी नेल्या. ज्या स्त्रीचा मी आरंभी उल्लेख केला तिला तरोट्याची भाजी शेवटची कधी खाल्ली असे विचारले, तेव्हा तिला आठवेना. तिच्या मुलीला तरोटा ओळखताही येत नाही.

याच तणांत आपली औषधेही होती. माका, पुनर्नवा, गोखरू, भुईआवळी, शंखपुष्पी, आघाडा. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीस पावसाळ्यात एखाद्या गुराख्याला सांगितले की सायंकाळपर्यंत ताज्या माक्याचा भारा दारात येई व त्याच दिवशी स्वरस काढून तेल सिद्ध होई. आज भृंगराज मी नागपूरहून वाळलेला मागवितो. तो कोणत्या शेतातला, त्यावर काय फवारले होते, हे मला कळण्याचा मार्ग नाही. औषधनिर्मात्यांनी कच्च्या मालाच्या तपासणीत जड धातूंबरोबर कीटकनाशकांचे अवशेषही का पाहावे लागतात, याचे उत्तर याच वावरांत आहे.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. पुनर्वसु आत्रेय गंगाकाठी शिष्यांसह फिरत असता येऊ घातलेल्या विकृतीची चाहूल घेतात आणि अग्निवेशास सांगतात की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून घ्या. वायू, उदक, देश व काल बिघडले की औषधीही बिघडतात, हा त्यामागील विचार. विद्यार्थिदशेत मला तो साथीच्या रोगांचा अध्याय वाटे. हल्ली तो मला शेतीचा अध्याय वाटतो.

विषाचा प्रश्न ओघाने आलाच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेल्या कपाशीत शिरून, तोंडाच्या उंचीवर, उघड्या अंगाने, दोन-तीन औषधांचे मिश्रण फवारले जात होते. त्या दिवसांत माझ्याकडेही रुग्ण आले. अशा वेळी आपले काम एकच. अंगावरचे कपडे उतरवून शरीर साबण-पाण्याने धुवावे, बाटलीचे लेबल सोबत द्यावे आणि एक क्षणही न दवडता रुग्णालयात पाठवावे. यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय येथून सुमारे ७० किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात विषघ्न योग देऊन पाहण्याचा मोह कोणीही धरू नये. दूषीविषाची कल्पना आपल्याला उपयोगी पडते ती नंतर. हंगामानुहंगाम फवारणी करणाऱ्यांत दिसणारे अरुची, कोठ, दौर्बल्य आणि अविपाक समजून घेताना तिचा आधार वाटतो, तरी प्रत्येक लक्षणाचे खापर तिच्यावर फोडण्यापूर्वी तपासण्या कराव्यात.

दुसरी सावधगिरी पांडुरोगाच्या चिकित्सेतील. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. पांढुरका रुग्ण दिसला की मंडूर किंवा लोहकल्प सुरू करणे ही आपली सवय आहे. या भागात ती घातक ठरू शकते. सिकलसेलच्या रुग्णात लोहाची कमतरता असेलच असे नाही. आधी रक्ताची ती एक तपासणी करून घ्यावी, ती शासकीय आरोग्यकेंद्रात विनामूल्य होते. सदर स्त्रीचा तो अहवाल निर्दोष आल्यावरच मी पुनर्नवा मंडूर सुरू केले.

मुसळीचे साल

आता मूळ पत्राकडे. ते वाचून मला माझ्या वडिलांची आठवण झाली, आणि जी गोष्ट आजवर लिहिली नव्हती ती येथे लिहितो.

२००० च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना झाली. त्या सुमारास औषधी वनस्पतींच्या लागवडीचे वारे सर्वत्र वाहू लागले होते. मी तेव्हा बी.ए.एम.एस.चा विद्यार्थी होतो. सफेद मुसळीचे भाव ऐकून आम्हा विद्यार्थ्यांचे डोळे दिपले होते. सुट्टीत घरी आलो असता मीच वडिलांना गळ घातली. द्रव्यगुणाचा नुकताच अभ्यास झाला होता आणि वडिलांना मुलाच्या शिक्षणाचा अभिमान होता. एका संस्थेकडून त्यांनी महागड्या दराने बेणे आणले. तयार माल आम्हीच घेऊ, असे त्या संस्थेने छापील कागदावर लिहून दिले होते. अर्धा एकर ज्वारीचा तुकडा मोडून तेथे गादीवाफे केले, तुषार सिंचन बसविले. मुसळी उत्तम आली. मुळ्या खणल्या, घरातील सर्व बायांनी रात्र-रात्र बसून सोलल्या, वाळविल्या. वाळल्यावर वजन पाचव्या हिश्श्यावर येते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. माल घेऊन गेलो तेव्हा त्या संस्थेच्या कार्यालयाला कुलूप होते. बेणे विकूनच तिचा धंदा झाला होता. मुसळी नव्हे, बेणे हेच तिचे पीक होते. तोपर्यंत इतक्या जणांनी मुसळी लावली होती की व्यापारी पूर्वीच्या भावाचा काही अंश देण्यासही तयार नव्हता.

मुसळी खाऊन पोट भरत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी प्रथमच ज्वारी विकत आणली. वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पुढे माझ्या चिकित्सालयाच्या उद्घाटनास आले तेव्हा कपाटातील मुसळीपाकाच्या डब्याकडे पाहून ते हसले, एवढेच.

म्हणून औषधी शेतीचा प्रस्ताव आला की मी प्रथम विचारतो, शेतकऱ्याने काय मोडून ती करावयाची आहे? कपाशीचे चार तास मोडून असेल तर विचार करू. तुरीचे, ज्वारीचे किंवा बरबटीचे मोडून असेल तर आपण कापसाचीच पुनरावृत्ती करीत आहोत, फक्त खरेदीदार गिरणीऐवजी रसशाळा असेल. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात दुधाळ जनावरे देण्याचीही योजना होती. गाई आल्या, परंतु ज्वारी गेल्याने कडबा नव्हता. अनेकांनी त्या गाई विकल्या. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वावरात काय उरले आहे ते कोणी पाहिले नव्हते.

याउलट शेजारच्या वर्धा जिल्ह्यात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने २०१३ नंतरच्या काही वर्षांत पोषणाधारित शेतीचा प्रयोग केला. कपाशी-सोयाबीनच्या गावांत पीकरचनेत धान्य-कडधान्यांची भर आणि परसबागा, असे त्याचे साधे स्वरूप होते. नगदी पीक सोडा असे त्यात कोणाला सांगावे लागले नाही. यातून घेण्यासारखे बरेच आहे.

स्नेह्यांना मी पत्रोत्तर पाठविले आहे. त्यात लिहिले की कोणाही शेतकऱ्याची एक चतुर्थांशाहून अधिक जमीन औषधी पिकाखाली नेण्यास मी शब्द टाकणार नाही. लागवडीपूर्वी वजन व दर लेखी ठरावेत आणि वाळल्यावर किती उरते हेही त्या कागदावर असावे. बेणे विकणारा आणि माल घेणारा एकच असेल तर बेण्याचे पैसे माल घेतल्यानंतरच कापून घ्यावेत. आणि याआधी एक सोपे काम आपल्या रसशाळांनी करून पाहावे. तणनाशक न मारलेल्या वावरांतून निंदणीच्या वेळी निघणारा माका, पुनर्नवा, गोखरू व भुईआवळी थेट बायांकडून, त्याच दिवशी, रोखीने विकत घ्यावी. श्रावणात हातात आलेले शंभर रुपये पौषातील हजारांपेक्षा ताटात लवकर उतरतात. निंदणीला असे मोल आले तर तणनाशकाची बाटली उचलण्यापूर्वी शेतकरी एकदा तरी थांबेल, आणि आपल्याला कोठला माल घेतला हे सांगता येईल. किमतीचा भार थोडा वाढेल हे मला ठाऊक आहे. संघटनेच्या सभासद औषधनिर्मात्यांपैकी कोणी यास तयार असतील तर केळापूर तालुक्यातील आठ-दहा गावांची जबाबदारी मी घेतो.

त्या स्त्रीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी ९.८ झाले. औषधाबरोबर रोज तीळ-गूळ, मोड आलेली मटकी आणि आठवड्यातून दोनदा पालेभाजी एवढेच पथ्य सांगितले होते. मंडूराचे श्रेय किती आणि मटकीचे किती, हे मी सांगू शकत नाही. मागील खरिपात सासऱ्यांनी हट्ट धरून कपाशीत तुरीचे तास पुन्हा घातले आणि धुऱ्याने अंबाडी व बरबटी लावली. तिच्या नवऱ्याने तेवढ्या पट्ट्यात तणनाशक मारले नाही. ज्वारीला मात्र तो अजून राजी नाही, डुकरांचे काय करायचे ते आधी सांगा म्हणतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. स्नेह्यांच्या पत्राचीही अद्याप वाट पाहतो आहे.